कामाच्या जागेवरचे पदार्थ आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्डिंग असो, रंगकाम असो, खाण असो की दवाखाना, "आपण रोज हाताळतो त्याने कॅन्सर होतो का?" हा प्रश्न काम करणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतोच. बहुतेक वेळा तो जेवणाच्या सुट्टीत निघतो आणि भोंगा वाजला की तिथेच राहतो. संशोधनाने त्याची बरीच उत्तरं शोधली आहेत. ती इथे जमेल तितक्या सरळ शब्दांत दिली आहेत.

कामामुळे कॅन्सर होतो हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

१७७५ साली. लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो. या कामाला अगदी लहान मुलांना जुंपलं जायचं. अरुंद धुराड्यात अंग घासत चढायचं, घामाबरोबर काजळी कातडीच्या घड्यांत जाऊन बसायची आणि वर्षानुवर्षं तिथेच राहायची. काजळीत नेमकं काय आहे हे कळायला मात्र दीडशेहून जास्त वर्षं गेली. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोलटार चोळून कॅन्सर निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी कोलटारमधून बेंझोपायरीन हे कॅन्सर करणारं रसायन वेगळं काढलं.

मला या दोन टोकांच्या मधली एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. १८९२ मध्ये हेन्री बटलिन या सर्जननी इंग्लंडमधले धुराडेवाले आणि युरोपातल्या इतर देशांतले धुराडेवाले यांची तुलना केली. इतर देशांत हे काम करणारे अंगभर घट्ट कपडे घालायचे आणि अंघोळ चुकवायचे नाहीत. त्यांच्यात हा कॅन्सर क्वचितच दिसायचा. बेंझोपायरीन हे नाव कुणी ऐकलंही नव्हतं, तरी बचाव होत होता.

मग बाकीचे पदार्थ कसे सापडले?

पुष्कळदा एखाद्या डॉक्टरच्या नजरेमुळे. १८७९ मध्ये जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांच्या छातीचा जुना आजार म्हणजे फुप्फुसातल्या गाठी आहेत, असं हार्टिंग आणि हेस यांनी दाखवलं. त्यामागे खाणीतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू होता, हे पुढच्या शतकात उलगडलं. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांना रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसांत मूत्राशयाचा कॅन्सर दिसला.

इंग्लंडमधल्या हाय विकमचं उदाहरण तर प्रत्येक डॉक्टरने वाचावं असं आहे. हे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या पोकळीतला अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे एरवी सहसा न दिसणारा कॅन्सर, आपल्याकडे वारंवार येतोय आणि येणारे बहुतेक लाकूडकाम करणारे आहेत. साथरोगतज्ज्ञ डोनाल्ड अ‍ॅचेसन यांच्याबरोबर त्यांनी हा संबंध आकड्यांनिशी मांडला. करवतीखालून उडणारा भुसा तोपर्यंत निरुपद्रवी मानला जात होता. रंधा मारताना, पॉलिशपेपर घासताना उडणारी बारीक पूड नाकात थर धरून बसते, याचा कुणी विचारच केला नव्हता. १९९५ पासून लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पक्क्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे.

आता यातली अडचण बघा. हॅडफील्डबाईंना संबंध दिसला कारण तो कॅन्सर विरळा होता. तोच भुसा एखादा नेहमीचा कॅन्सर थोडासा वाढवत असता, तर दवाखान्यात बसून कुणालाच काही कळलं नसतं. फुप्फुसाचा कॅन्सर झालेला वेल्डर आला, तर तो आणखी एक फुप्फुसाचा रुग्ण म्हणूनच नोंदला जातो. अशा ठिकाणी एका डॉक्टरची नजर पुरत नाही. हजारो माणसांच्या नोंदी लागतात.

माणसांवर मुद्दाम प्रयोग तर करता येत नाहीत. मग अभ्यास कसा होतो?

कामगारांच्या मोठ्या गटाचा मागोवा घेऊन. कारखान्याच्या जुन्या हजेरीपटावरून नावं काढायची, कोण कुठल्या खात्यात किती वर्षं होतं ते पाहायचं आणि त्यातल्या किती जणांना कुठला कॅन्सर झाला हे मृत्यूच्या किंवा कॅन्सरच्या नोंदींशी ताडून बघायचं. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी इंग्लंडमधल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस (उष्णता अडवणाऱ्या तंतुमय खनिजाच्या) कारखान्याचा असा अभ्यास छापला. धुळीच्या खात्यांत वीस किंवा त्याहून जास्त वर्षं काढलेले ११३ पुरुष. सर्वसाधारण लोकसंख्येच्या हिशोबाने त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचा जेमतेम एक मृत्यू व्हायला हवा होता (नेमका आकडा ०.८). झाले होते ११.

दुसरी पद्धत उलट्या बाजूने जाते. आधी आजारी माणसं घ्यायची, त्यांच्याच वयाची निरोगी माणसं घ्यायची आणि दोघांनाही आयुष्यभर काय काय काम केलं ते विचारायचं. दुर्मीळ कॅन्सरसाठी ही पद्धत सोयीची पडते. पण इथे सगळा भार आठवणीवर असतो, आणि आजारी माणूस आपलं आयुष्य जास्त खणून बघतो.

सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे डोस वाढेल तसा धोका वाढताना दिसणं. डिझेलच्या धुराबाबत हेच झालं. अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२ हजारांहून जास्त कामगारांच्या अभ्यासात, ज्यांच्या श्वासात जितकं जास्त डिझेलचं काजळ गेलं तितका त्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि त्याच वर्षी डिझेलचा धूर 'बहुधा कॅन्सर करणारा' वरून 'निश्चित कॅन्सर करणारा' या गटात गेला (हे गट पुढे समजावले आहेत).

एक फसवी जागा सांगून ठेवते. कामगार हे एकूण लोकसंख्येपेक्षा मुळातच धडधाकट असतात, कारण आजारी माणूस नोकरीला लागत नाही किंवा टिकत नाही. त्यामुळे "आमच्या कारखान्यातला मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी आहे" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. एका खात्याची तुलना दुसऱ्या खात्यातल्या कामगारांशी व्हायला हवी.

एखादा पदार्थ कॅन्सर करतो हे ठरवतं कोण?

जागतिक पातळीवर हे काम फ्रान्समधल्या लियों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था करते. जागतिक आरोग्य संघटनेची ही संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली आणि १९७१ पासून ती एकेका पदार्थाचं मूल्यमापन करते आहे. तज्ज्ञ तीन प्रकारचा पुरावा तपासतात: माणसांवरचे अभ्यास, प्राण्यांवरचे प्रयोग, आणि पेशीत नेमकं काय बिघडतं याची माहिती. त्यावरून चार गट पडतात. गट १ म्हणजे माणसात निश्चितपणे कॅन्सर करणारा, गट २ए म्हणजे बहुधा करणारा, गट २बी म्हणजे शक्यता असलेला आणि गट ३ म्हणजे वर्गीकरण करता येत नाही असा. आजवर हजाराहून जास्त गोष्टी तपासल्या गेल्या आहेत आणि गट १ मध्ये १२० हून जास्त आहेत. त्यात रसायनं आहेत, धूळ आहे, किरणोत्सर्ग आहे आणि रंगारी किंवा अग्निशमन दलातलं काम असे थेट व्यवसायही आहेत. आग विझवण्याचं काम गट १ मध्ये आलं ते अगदी अलीकडे, २०२२ मध्ये.

ही संस्था बंदी घालत नाही. तिच्या निष्कर्षावर कायदा करायचा की नाही, हे प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं.

गट १ म्हणजे सगळ्यात घातक का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो. पदार्थ किती जहाल आहे हे तो सांगत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस गट १ मध्ये आहे आणि प्रक्रिया केलेलं मांसही गट १ मध्ये आहे, म्हणून दोन्हींचा धोका सारखा होत नाही. दोन्हींबद्दल शास्त्रज्ञांची खात्री तेवढी सारखी आहे.

पदार्थात असलेला दोष आणि तुम्हाला असलेला धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद डब्यातल्या रसायनात दोष असतो. डबा उघडला, वाफ नाकात गेली, हे रोज आठ तास वीस वर्षं चाललं की त्याचा धोका होतो.

'पुरावा अपुरा' म्हणजे पदार्थ सुरक्षित, असंच ना?

याचा अर्थ कुणी नीट तपासलेलं नाही, किंवा जे तपासलं त्यातून स्पष्ट काही निघालं नाही, एवढाच. एखाद्या पदार्थाबद्दल कुणी हे वाक्य सुरक्षिततेची हमी म्हणून पुढे केलं, तर "किती माणसांवर, किती वर्षं बघितलं?" एवढं विचारा. दहा वर्षांचा अभ्यास तीस वर्षांनी होणाऱ्या आजाराबद्दल काय सांगणार?

उंदरांवरचे प्रयोग माणसाला लागू पडतात का?

दरवेळी नाही. पण ते बाजूला सारल्याची किंमत कशी मोजावी लागते, हे व्हिनाइल क्लोराइडने दाखवलं. पीव्हीसी प्लास्टिक या वायूपासून बनतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत बोलोन्याच्या चेझारे माल्तोनी यांना हा वायू दिलेल्या उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा नावाची गाठ दिसली. प्रयोगाचा खर्च उत्पादक कंपन्यांचा होता आणि निष्कर्ष काही काळ बाहेर येऊ दिले गेले नाहीत. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लुइव्हिल इथल्या एका पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांत नेमकी तीच गाठ आढळल्याचं जाहीर झालं. अख्ख्या देशात वर्षाला मोजकीच सापडणारी ही गाठ एकाच कारखान्यात तिघांना होती. ज्या मोठ्या बंद टाक्यांत (रिअॅक्टरमध्ये) पीव्हीसी तयार व्हायचं, त्यांच्या आत उतरून भिंतींना चिकटलेला थर खरवडून काढायचं काम माणसं हाताने करायची. सगळ्यात जास्त वायू त्यांच्याच वाट्याला यायचा.

अमेरिकेत तोपर्यंत हवेतल्या दहा लाख भागांत ५०० भाग व्हिनाइल क्लोराइड चालत होतं. त्यानंतर ही मर्यादा १ वर आली. उद्योग बंद पडतील असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. तसं झालं नाही. कारखान्यांनी यंत्रणा बंदिस्त केल्या आणि पीव्हीसी आजही बनतं.

उलटही घडतं. आर्सेनिकमुळे माणसांना कॅन्सर होतो हे कळून कितीतरी वर्षं लोटली, तरी प्राण्यांत ते दाखवणं जमत नव्हतं. म्हणून आता पेशींच्या पातळीवरचा पुरावाही बघतात: पदार्थ डीएनएला इजा करतो का, ती इजा दुरुस्त होऊ देत नाही का, सतत दाह ठेवतो का. २०१६ मध्ये अशी दहा लक्षणं एकत्र मांडली गेली आणि मूल्यमापनात आता त्यांचा वापर होतो.

कॅन्सर व्हायला इतकी वर्षं का लागतात?

पेशीच्या डीएनएत एक बिघाड होऊन भागत नाही, एकावर एक अनेक व्हावे लागतात. रक्ताचा कॅन्सर बेंझिनच्या (पेट्रोलमध्ये असणारं रसायन) संपर्कानंतर काही वर्षांतही दिसू शकतो. गाठीच्या कॅन्सरना साधारण दहा ते चाळीस वर्षं लागतात. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा तर तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त वर्षांनी उगवतो. म्हणजे तंतू श्वासात गेला विशीत आणि निदान झालं निवृत्तीनंतर. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, जुने सहकारी पांगलेले असतात आणि नोंदींचे गठ्ठे रद्दीत गेलेले असतात. कामाचा आणि कॅन्सरचा धागा बहुतेक वेळा इथेच तुटतो.

मी सिगारेट ओढतो. मग दोष कामाचा की सिगारेटचा?

दोघांचाही असू शकतो, आणि दोन्ही मिळून बेरजेपेक्षा जास्त नुकसान करतात. अमेरिकेत अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण बसवणाऱ्या कामगारांचा अभ्यास हॅमंड आणि सेलिकॉफ यांनी १९७९ मध्ये छापला. अ‍ॅस्बेस्टॉसही नाही आणि सिगारेटही नाही अशा माणसाचा धोका १ धरला, तर नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने तो सुमारे ५ पट, नुसत्या सिगारेटने सुमारे ११ पट आणि दोन्ही असतील तर ५३ पट निघाला. नंतरच्या अभ्यासांत आकडे कमी-जास्त आले, दिशा तीच राहिली.

म्हणून "तो ओढत होता" असं म्हणून फाइल बंद करणं मला अन्यायाचं वाटतं. ओढणाऱ्या माणसाला धुळीपासून वाचवणं अधिकच गरजेचं असतं. आणि सिगारेट सोडल्याचा फायदा जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांनाही होतो.

आमच्या खात्यात चार जणांना कॅन्सर झाला. म्हणजे काहीतरी गडबड आहे का?

असेल किंवा नसेल. कॅन्सर मुळातच इतका सर्रास आहे की मोठ्या खात्यात चार रुग्ण योगायोगानेही निघतात. बघायचं ते हे: चौघांचा कॅन्सर एकाच प्रकारचा आहे का? एरवी दुर्मीळ आहे का? नेहमीपेक्षा कमी वयात झाला का? चौघं एकाच टेबलावर, एकाच रसायनाशी काम करत होते का, आणि ते सुरू करून पुरेशी वर्षं झाली होती का? चार वेगवेगळे कॅन्सर असतील तर एकच कारण सापडणं अवघड. चौघांनाही मूत्राशयाचा असेल, तर त्याच दिवशी चौकशीची लेखी मागणी करा.

कुठल्या कामात काय सांभाळायचं?

पूर्ण यादी इथे मावणार नाही. दगड फोडणं, कापणं, वाळूचा मारा करणं यात सिलिका, म्हणजे दगड-वाळूतल्या स्फटिकांची बारीक धूळ. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून गट १ मध्ये आहे, आणि स्टेनलेस स्टील असेल तर त्यात क्रोमियम-सहा (क्रोमियमचं घातक रूप) आणि निकेलही असतात. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्येही हेच दोन. पेट्रोल, जुने सॉल्व्हंट आणि चिकटद्रव्यं यात बेंझिन. १९७० च्या दशकात इस्तंबूलमधल्या चपला-बूट शिवणाऱ्या कारागिरांत रक्ताचा कॅन्सर सापडला, तो चिकटद्रव्यातल्या बेंझिनमुळे. धातूवरचं ग्रीस काढायला वापरलं जाणारं ट्रायक्लोरोइथिलीन मूत्रपिंडाच्या कॅन्सरशी जोडलेलं आहे. जुन्या इमारती पाडताना आणि जुने बॉयलर उघडताना अ‍ॅस्बेस्टॉस.

दवाखाने या यादीत लोकांना अपेक्षित नसतात. शवागार आणि पॅथॉलॉजीत फॉर्मल्डिहाइड, उपकरणं निर्जंतुक करायला इथिलीन ऑक्साइड, आणि कॅन्सरवरच्याच काही औषधांची तयारी. सायक्लोफॉस्फमाइड रुग्णाला वाचवतं आणि ते रोज हाताळणाऱ्या नर्ससाठी गट १ मधलं रसायन असतं.

रात्रपाळीबद्दल काय?

गट २ए. आधी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये हाच निष्कर्ष आला. माणसांवरचा पुरावा अजून मर्यादित आहे.

बायकांबद्दल इतकं कमी का सांगितलं जातं?

कारण जुने अभ्यास बहुतेक पुरुषांवरच झाले. खाणी, गोद्या, रासायनिक कारखाने यांचे हजेरीपट पुरुषांचे होते, आणि ज्या थोड्या बायका त्यात होत्या त्यांना "संख्या कमी" म्हणून हिशोबातून वगळलं गेलं. केशभूषा, सफाई, शिवणकाम, घरी आणून केलेलं काम यांच्या नोंदीच नसतात. केस कापणं आणि रंगवणं हे काम गट २ए मध्ये आहे. घरकामगार बाई तीस वर्षांत कुठकुठली रसायनं हाताळते, हे मोजायला अजून फार थोड्यांनी सुरुवात केली आहे.

घरच्यांना धोका असतो का?

काही पदार्थांबाबत असतो. १९६५ मध्ये लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेली माणसं निघाली. त्यातल्या काहींच्या घरातलं माणूस अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावर होतं. नवऱ्याचा डगला दारात झटकायचा, मग धुवायचा, एवढाच त्यांचा संबंध. कामाचे कपडे आणि बूट कामावरच ठेवा. धुण्याची सोय मालकाने करायला हवी.

किती प्रमाण सुरक्षित मानायचं?

कर्करोगकारकांसाठी "याच्याखाली धोका शून्य" अशी रेघ बहुधा ओढता येत नाही. कायद्यातली मर्यादा हा धोका, खर्च आणि मोजण्याची क्षमता यांच्यातला समझोता असतो, आणि नवा पुरावा आला की ती खाली येते. बेंझिनची मर्यादा अशीच पायरीपायरीने उतरत आली आहे. नाकावर विसंबू नका. बेंझिनचा वास जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण मर्यादेच्या वर गेलेलं असू शकतं. सिलिकाला तर वासच नाही, आणि तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत.

मास्क लावला की झालं ना?

मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी तो पदार्थ बदलता येतो का ते बघायचं, नाही तर यंत्रणा बंदिस्त करायची, धूर-धूळ उगमापाशीच खेचून घ्यायची, दगड कापताना पाणी सोडायचं. यातलं काहीच न करता हातात मास्क ठेवणं म्हणजे सगळा भार कामगारावर ढकलणं. त्यातही साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, आणि चांगला मास्कसुद्धा दाढीवर नीट बसत नाही. झाडूने किंवा हवेच्या पाइपने धूळ उडवून जागा साफ करायची सवय मात्र आजच बंद करता येईल. ओलं पुसा किंवा योग्य फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा.

डब्यावर काय वाचायचं?

लाल चौकटीत माणसाची आकृती आणि तिच्या छातीवर फुटल्यासारखा तारा असेल तर थांबा. ते दीर्घकालीन गंभीर इजेचं चिन्ह आहे. शेजारी एच ३५० (H350) असेल तर 'कॅन्सर होऊ शकतो', एच ३५१ (H351) असेल तर 'कॅन्सर होत असल्याचा संशय आहे'. प्रत्येक रसायनाबरोबर सोळा भागांची सुरक्षा माहितीपत्रिका येते. दुसऱ्या भागात धोके, आठव्यात बचाव आणि अकराव्यात विषबाधेचा पुरावा असतो. ही पत्रिका साहेबांच्या कपाटात कुलपात असेल तर ती मागून घ्या.

तपासणी करून आधी कळतं का?

काही बाबतींत. लघवीच्या तपासणीत बेंझिन किंवा क्रोमियम अंगात किती गेलंय हे समजतं. त्याचा अर्थ कॅन्सर झालाय असा होत नाही, कामाची जागा गळतेय एवढा होतो. लघवीत रक्त दिसलं, नाकाची एकच बाजू महिनोन्‌महिने चोंदलेली राहिली, खोकला हटेना, तर थांबू नका.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

मी बघितलेल्या कितीतरी केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' किंवा 'निवृत्त' एवढंच असतं. त्यावरून कुणाला काही कळत नाही. एक साधी वही करा आणि पहिल्या कामापासून लिहायला घ्या, थोडे दिवस केलेलं कामही सोडू नका. नोंद अशी असू द्या: "१९९४ ते २००१, छपाईखाना. रोलर सॉल्व्हंटने पुसायचो, दिवसातून पाच-सहा वेळा, हातमोजे नाहीत. खिडकी एकच. डब्यावरचं नाव अमुक." नाव आठवत नसेल तर वास, रंग, डब्याचा आकार लिहा. सोबत कोण होतं तेही लिहा. पुढे कुणी चौकशी केली तर तीच माणसं साक्षीदार असतात. वहीचे फोटो काढून घरातल्या आणखी एकाकडे देऊन ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे पान फाइलमध्ये लावायला सांगा.